दोनाचा एकतिसावा घात वजा एक : प्रकल्प नोंदी, सेलू

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी झाली. आज बारावीच्या गटाची पहिली बैठक. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला काय मांडायचं, हा विषय. पोरांना जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या हवी होती. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली आहे : २^१३,६२,७९,८४१ − १. अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर तीन हजार अंक बसवले तरी साडेतेरा हजारांहून जास्त पानं लागतील. छापून करणार काय? आणि ती मूळ आहे हे आपण तपासणार कसं? इंटरनेटवर वाचलं म्हणून मान्य करायचं असेल तर तो प्रकल्प नव्हे, बातमी झाली.

मी फळ्यावर २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७ लिहिली. म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. दहाच अंक. पण स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं सिद्ध केलं तेव्हा एवढी मोठी मूळ संख्या माणसाला माहीत नव्हती, आणि पुढे शतकभराला थोडी वर्षं कमी असेपर्यंत कोणी तिच्या पुढे खात्रीने गेलं नाही.

ठरलं ते असं : संख्या मूळ आहे हे सांगायचं नाही, सिद्ध करायचं. जमल्यास एकापेक्षा जास्त वाटांनी.

एका पालकांचा फोन : "सर, याचे सीईटीला किती मार्क?" शून्य, असं सांगितलं. लातूर पॅटर्नच्या मुलखात हा प्रश्न येणारच. पोरगी तरी गटात राहिली.

१४ जुलै

घातांक ३१ च का? घातांक संयुक्त असेल तर संख्या आपोआप फुटते. २^६ − १ म्हणजे ६३, त्यात २^२ − १ आणि २^३ − १ दोन्ही बसतात. म्हणून घातांक मूळ हवा. पण तेवढ्याने भागत नाही : २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. हा २०४७ आपण जवळ ठेवायचा. पुढच्या प्रत्येक पद्धतीची चाचणी आधी याच्यावर घ्यायची.

फ्रेंच पाद्री मर्सेनने १६४४ मध्ये यादी दिली होती, २५७ पर्यंत कोणते घातांक चालतात त्याची. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घुसले होते, ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. तरी असल्या संख्यांना नाव त्याचंच. ३१ त्याने बरोबर धरला होता, कशाच्या जोरावर कोण जाणे.

२१ जुलै

सरळ भागायला घेतलं तर किती काम? वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे. तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या. कागदावर एका भागाकाराला तीन मिनिटं धरली तर २४० तास. परतूरहून पॅसेंजरने येणारा मुलगा म्हणाला, "गाडीत बसून करतो सर, रोज लेट असतीया." दिवाळीपर्यंत होईलही कदाचित. पण त्यातून आपल्याला कळणार काय? एवढंच की ४,८०० वेळा बाकी उरली.

संगणकावर हेच काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पायथॉन या संगणकभाषेत करून दाखवलं. उत्तर आलं, आणि वर्ग एकदम थंड पडला. ते बरंच झालं.

२८ जुलै

आजचा दिवस या प्रकल्पातला मोठा. ऑयलरची गाळणी. तास संपल्यावरही कोणी उठलं नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

समजा भ ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ असं दुपटीने जात प्रत्येक वेळी भ ने भागून बाकी लिहा. बाक्या फिरून कधीतरी १ वर येतात आणि तिथून तेच चक्र पुन्हा सुरू होतं. ३१ व्या पायरीला १ आहे, म्हणजे चक्राची लांबी ३१ ला भागते. ३१ स्वतः मूळ, म्हणून लांबी १ किंवा ३१. लांबी १ असायला २ ची बाकी १ यावी लागेल, ते अशक्य. म्हणजे ३१ च. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार चक्राची लांबी भ − १ ला भागते. भ विषम, म्हणून भ − १ सम. तेव्हा भ − १ हा ६२ च्या पाढ्यातच हवा. एका फटक्यात भाजक उरले ६३, १२५, १८७, २४९ अशा जातीचे.

इथवर वह्यांत उतरलं. दुसरी अर्धी बाजू मला स्वतःला जास्त आवडते. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे भ च्या बाक्यांच्या जगात २ हा एका संख्येचा वर्ग आहे! असं होऊ देणाऱ्या मूळ संख्या मोजक्याच जातीच्या : ८ ने भागल्यावर ज्यांची बाकी १ किंवा ७ उरते त्याच. हा नियम सिद्ध केला नाही, १०० पर्यंतच्या मूळ संख्यांवर तपासून पाहिला. ७ मध्ये ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ मध्ये ६ चा वर्ग ३६, बाकी २. २३ मध्ये ५ चा वर्ग २५, बाकी २. आणि ५, ११, १३ मध्ये कितीही शोधा, २ सापडत नाही. सिद्धता परिशिष्टात देऊ. ज्याला पाहिजे तो वाचेल.

दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणारेच भाजक उरतात. ४६,३४० पर्यंत अशा संख्या ३७३.

मग २०४७ वर चाचणी. तिथे भाजक २२ च्या पाढ्यात एक मिळवून : २३, ४५, ६७, ८९. आठाच्या अटीने ४५ आणि ६७ बाद. उरले २३ आणि ८९. तेच तर दोन अवयव! मानवत रोडहून येणारी मुलगी एवढ्या जोरात "अय्यो" म्हणाली की शेजारच्या वर्गातून मॅडम पाहायला आल्या.

ऑयलर त्या वेळी सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, साठी ओलांडलेला, दृष्टी जवळजवळ गेलेली. योहान बर्नूली (तिसरा) याला लिहिलेल्या पत्रात त्याने हे कळवलं. हिशोब डोक्यात धरणारा माणूस आधी हिशोब कमी करतो, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं.

११ ऑगस्ट

३७३ मधून ३, ५, ७ वगैरेंच्या पटीतल्या काढल्या. ६३ गेली, २४९ म्हणजे ३ × ८३ गेली, ४९७ म्हणजे ७ × ७१ गेली, ५५९ म्हणजे १३ × ४३ गेली. खरा पहिला भाजक ३११. त्यानंतर थेट १३०३, मग १४८९. शेवटी ऐंशीएक मूळ संख्या हातात राहिल्या. ४,८०० वरून ऐंशीवर.

वाटून घेतल्या. नियम एकच : एकाने भागायचं, दुसऱ्याने नऊचा ताळा पाहायचा, दोघांनी सही करायची. नमुन्यादाखल :

३११ : भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५
१३०३ : भागाकार १६,४८,१०७, बाकी २२६
१४८९ : भागाकार १४,४२,२३२, बाकी १९९

ताळ्याची रीत पोरांना नवीन होती. शाळेत आता कोणी शिकवत नाही. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १०, म्हणजे १. पहिल्या ओळीत ३११ चे ५, भागाकाराचे ४, गुणाकार २०, म्हणजे २. बाकी ३५ चे ८. दोन आणि आठ दहा, म्हणजे १. जुळलं.

एका मुलाचे आजोबा मोठ्या रकमांचे भागाकार बघून स्वतःहून बसले. पावकी, निमकी, औटकी सगळं अजून तोंडपाठ. चार भाजक त्यांनीच संपवले, आणि मला निरोप पाठवला : "गुरुजी, अजून असतील तर द्या." त्यांच्या सह्या मोडीत आहेत. तक्त्यावर तशाच छापणार.

२२ ऑगस्ट

पोळा. कोणी येणार नव्हतं, कोणी आलं नाही.

२५ ऑगस्ट

भागाकार संपले. एकालाही शून्य बाकी नाही. पहिली सिद्धता पूर्ण. पुराव्याची फाईल जाड झाली आहे. ती टेबलावर ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला वजन कळेल.

पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितीने १८११ मध्ये लिहून ठेवलं की हिच्यावरून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच येते) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, आणि कोण एवढा खटाटोप करणार! पन्नासएक वर्षांत लोक आपल्या संख्येहून मोठ्या मूळ संख्यांपर्यंत गेले. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्यूकाने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तीही कागदावर. उपयोगाचं म्हणाल तर ते १७ सप्टेंबरच्या नोंदीत बघू.

८ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपले. दुसरी वाट : ल्यूकाची कसोटी, लेहमरने नंतर सोपी केलेली. हिच्यात अवयव शोधायचेच नाहीत. ४ पासून सुरू करायचं. वर्ग करून २ वजा, मग संख्येने भागून बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर नाही. मधलं काही नाही.

१२७ साठी (घातांक ७, पाच पायऱ्या) : ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.
२०४७ साठी (घातांक ११, नऊ पायऱ्या) : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. संयुक्त.

पाथरीच्या मुलाने विचारलं, "मग २३ आणि ८९ कुठं गेले?" गेले नाहीत, दिसलेच नाहीत. संख्या फुटते एवढं कळतं, कुठे फुटते ते कळत नाही. ल्यूकाने २^६७ − १ संयुक्त असल्याचं असंच १८७६ ला दाखवलं. तिचे अवयव १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अमेरिकन गणिती कोलने मांडले ते १९०३ ला. सत्तावीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं की ती फुटते, आणि फोडता कोणाला येत नव्हती.

भागाकाराचा त्रास इथे नाही, कारण संख्या दोनाच्या घाताला चिकटून आहे. १२७ च्या बाजूला १२८. ६७ चा वर्ग वजा २ = ४४८७ = ३५ × १२८ + ७. आता नुसती बेरीज, ३५ + ७ = ४२. झाली बाकी. नऊचा ताळा चालतो तो याच कारणाने : नवाच्या शेजारी दहा, म्हणून अंक मिळवले की पुरतं. संगणक दोनाच्या भाषेत मोजतो, तेव्हा त्याला आपली संख्या म्हणजे आपल्याला नऊ. हे सांगितल्यावर ऑगस्टमध्ये पाठ केलेली रीत पोरांना पहिल्यांदा समजली असं वाटलं.

३१ साठी एकोणतीस पायऱ्या. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, पुढचे आकडे पायथॉनने काढले. शेवटचा ०. आणि त्याच्या आधीचा? ६५५३६. मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. एका मुलीने लगेच पकडलं : शेवटी शून्य यायचं तर आधीच्याचा वर्ग २ यायला हवा, आणि कोणाचा वर्ग २ येतो ते जुलैतच ठरलंय.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर पोरं थांबली होती. पाऊस.

उपयोगाची गोष्ट. संगणकात ३२ खणांत (बिटांत, प्रत्येकात ० किंवा १) पूर्णांक ठेवायचा, एक खण धन-ऋण चिन्हाला गेला की उरतात ३१. त्यांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या आपलीच. जुन्या पद्धतीच्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात आणि अशाच खणांत ठेवतात. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद : मोजणी २१४७४८३६४७ वर येईल. पुढच्या सेकंदाला दुरुस्त न केलेल्या यंत्रात ती ऋण होऊन तारीख १९०१ ला जाईल. ही पोरं तेव्हा तिशीत असतील. एकाने तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली.

पण इथे जागा मिळाली ती खणांमुळे, मूळ असल्यामुळे नव्हे. हा फरक तक्त्यावर ठळक लिहायचा. मूळपणाचा उपयोग वेगळा आहे, पुढे येईल.

२४ सप्टेंबर

काम बंद. अतिवृष्टी, ओढे-नाले तुडुंब, दोघांच्या घरचं सोयाबीन पाण्याखाली. गणिताचं नंतर बघू.

६ ऑक्टोबर

सगळे परत आले. तिसरी वाट. दुसऱ्या वाटेत वरची शेजारीण कामी आली (आपली संख्या अधिक १, म्हणजे नुसता दोनाचा घात). आता खालची. आपल्या संख्येतून १ वजा केला की

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

किती सुटसुटीत फुटली! अवयव गुणून सगळ्यांनी हाताने पडताळलं.

नियम : अशी एखादी संख्या दाखवा की जिच्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर २१४७४८३६४६ पायऱ्यांचं आहे. म्हणजे शून्य सोडून प्रत्येक बाकीला ते भेट देतं. असं फक्त मूळ संख्येतच घडतं. २ घेऊन चालत नाही, तिचं चक्र ३१ वरच संपतं, ते आपण पाहिलंच. ७ चालते. चक्राच्या दोनशे कोटी पायऱ्या मोजायच्या नसतात. पूर्ण घाताला बाकी १ येते हे बघायचं, मग तो घातांक २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेकदा भागून बघायचं की १ येत नाही. एकूण आठ तपासण्या. संगणकावर आठ ओळी.

ऐंशी भागाकारांची जाड फाईल आणि हा आठ ओळींचा कागद, दोन्ही एकाच गोष्टीचे पुरावे. कोणता जास्त पटतो यावर वाद झाला. आजोबांचा नातू फाईलच्या बाजूने. मी कागदाच्या.

आणि आता मूळपणाचा उपयोग. १९६९ मध्ये आयबीएमच्या यंत्रांसाठी यादृच्छिक (रँडम) संख्या पाडायची रीत निघाली : आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ही पुढची संख्या. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. ५ हा वरच्या अवयवांत नाही, म्हणून पाचवा घात घेतला तरी चक्र तेवढंच लांब राहतं. शून्य सोडून सुरुवात कुठूनही करा, २१४७४८३६४६ संख्या संपल्याशिवाय एकही पुन्हा येत नाही. बार्लोला हे कोण सांगणार?

आजच्या सुरक्षेच्या कामांना ही रीत पुरत नाही, हेही लिहायचं. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

१३ ऑक्टोबर

फुटकळ गुणधर्म, तक्त्याच्या कडेला :

जुळी नाही. दोन कमी केले तर शेवटी ५, दोन वाढवले तर ३ × ७१५८२७८८३ (त्यातली मोठी स्वतः मूळ). आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९.
दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, कारण ४ ने भागल्यावर बाकी ३.
तिला २^३० ने गुणलं की परिपूर्ण संख्या : २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीची शेवटची बैठक. प्रश्न मुलांचाच : ३१ ही स्वतः २^५ − १. मग घातांकाच्या जागी आपलीच संख्या ठेवली तर?

ही साखळी जुनी आहे. २^३ − १, २^७ − १, २^३१ − १, २^१२७ − १, चारही मूळ. पुढची ८१९१ (म्हणजे २^१३ − १) घातांकाला घेतली की अडतं, तिथे संयुक्त येते. आपली संख्या घातांकाला ठेवली तर तयार होणाऱ्या राक्षसाचे अंक ६४ कोटी ६४ लाखांच्या वर. लिहायचा प्रश्नच नाही. पण भाजक शोधायला लिहावी लागत नाही! जुलैचीच गाळणी : भाजक हा आपल्या संख्येच्या दुपटीला क या पूर्णांकाने गुणून अधिक १ असा हवा, आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७. प्रत्येक उमेदवारासाठी २ घ्या, ३१ वेळा वर्ग करा, दर वेळी बाकी. शेवटी परत २ आला तर भाजक सापडला. चौसष्ट कोटी अंकांच्या संख्येची झडती एकतीस वर्गांत.

मानवत रोडच्या मुलीने सात ओळींचा प्रोग्राम लिहिला. चहा यायच्या आत थांबला : क = ६८,७४५, भाजक २९५२५७५२६६२६०३१. जाणकारांच्या नोंदीत हाच भाजक आहे हे त्यांना मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती.

मग तिने ३१ च्या जागी ६१ टाकले. त्या संख्येचा भाजक जगात अजून कोणाला सापडलेला नाही, आणि ती मूळ आहे की नाही हेही ठरलेलं नाही. हे मी सांगितलं. तिने ऐकलं, आणि प्रोग्राम चालू केला. सुट्टीभर प्रयोगशाळेतला एक संगणक सुरू ठेवायची परवानगी प्राचार्यांकडून घ्यावी लागेल. वीज गेली तर क कुठवर आला ते फाईलमध्ये जपण्याची एक ओळ त्यात घालायची राहिली आहे.